हे पुस्तक आपल्या वाचनालयात आहे का? ब्राउझरमधल्या एका छोट्या बटणाचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप खाली देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे निघाले नाहीत.

गोष्ट सुरू होते साडेसहाशे रुपयांपासून. माझी मामेबहीण तुळजापूर तालुक्यात राहते, इतिहासात एम.ए. करतेय. एके दिवशी तिचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. "दादा, हे पुस्तक लागतंय. साडेसहाशेला आहे. घेऊ का?" मी म्हणालो, घे, पैसे पाठवतो. पुस्तक आलं, तिचं वाचून झालं. पुढच्या महिन्यात ती तालुक्याच्या वाचनालयात पेपर वाचायला गेली, तर तेच पुस्तक समोरच्या कपाटात! काचेआड. मागच्या चिठ्ठीवर शेवटच्या देवघेवीची तारीख होती, तीही बरीच जुनी.

पैसे गेले त्याचं एवढं काही वाटलं नाही. चीड दुसऱ्याच गोष्टीची आली. दुकानाच्या पानावर पुस्तकाचं नाव होतं, वाचनालयाच्या यादीत तेच नाव होतं, आणि या दोन्हींच्या मधे कुणीच नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. हे काम दहा-वीस ओळींचं आहे असं मला वाटलं. (प्रत्येक इंजिनिअरला सुरुवातीला असंच वाटतं.) मग शोधायला बसलो की हे आधी कुणी केलंय का. तर केलंय. बावीस-तेवीस वर्षांपासून लोक हेच करतायत, आणि त्यांच्या पायाखालची जमीन दर काही वर्षांनी कुणीतरी काढून घेतंय. आजचा भाग त्यावर.

थोडं मागून सुरू करू, कारण 'वाचकाने वाचनालयात यायच्या ऐवजी वाचनालयाने वाचकापर्यंत जायचं' ही कल्पना कम्प्युटरपेक्षा बरीच जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरती वाचनालयं होती. लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरायची आणि पेटी गावाला पाठवायची. पुढे १९३१ मध्ये मद्रासला एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. लायब्ररी सायन्स केलेल्या कुणालाही विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगतील.

आपल्या जिल्ह्याकडे त्या वेळी वेगळीच परिस्थिती होती. आपण निजामाच्या राज्यात. सरकारी भाषा उर्दू, आणि १९२९ पासून 'गश्ती निशाण ५३' मुळे जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी. अशा काळात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, जिथं पुढे स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. शाळा आणि वाचनालय या तेव्हा मराठवाड्यात साध्यासुध्या गोष्टी नव्हत्या, लोक एकत्र बसण्याची ती निमित्तं होती. यावर स्वतंत्र भाग करायचाय, आज एवढंच.

आता थेट २००२. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात कीन नावाचं छोटं गाव आहे. तिथं जॉन युडेल हे तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार राहायचे. त्यांना तोच प्रश्न पडला जो माझ्या बहिणीला पडायला हवा होता: ॲमेझॉनवर दिसणारं हे पुस्तक माझ्या गावच्या वाचनालयात आहे का? डिसेंबर २००२ मध्ये त्यांनी 'लायब्ररीलुकअप' नावाचं एक बुकमार्कलेट लिहिलं.

बुकमार्कलेट म्हणजे काय? आपण एखादी वेबसाइट बुकमार्क करतो तेव्हा तिचा पत्ता साठवला जातो. तो पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो. पण ब्राउझरला 'जावास्क्रिप्ट' या शब्दाने सुरू होणारा पत्ताही समजतो, आणि त्यापुढे तुम्ही छोटा प्रोग्रॅम लिहू शकता. बुकमार्क दाबला की तो प्रोग्रॅम समोर उघडलेल्या पानावर चालतो. इन्स्टॉल काही करायचं नाही, परवानगी कुणाची घ्यायची नाही.

युडेल यांची युक्ती अशी. आताच्या बहुतेक पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक असतो, आणि ॲमेझॉनवर पुस्तकाच्या पानाच्या पत्त्यातच तो दहा अंकी क्रमांक असायचा. प्रोग्रॅमने पत्त्यातून तो क्रमांक उचलायचा आणि वाचनालयाच्या ऑनलाइन यादीचा शोध-पत्ता त्या क्रमांकासकट नव्या खिडकीत उघडायचा. बास. संपूर्ण प्रोग्रॅम एका ओळीत मावतो. वाचनालयांची सॉफ्टवेअरं ठरावीक कंपन्यांची होती, त्यामुळे शोध-पत्त्यांचे साचेही ठरावीक. मग युडेल यांनी एक पानच बनवलं: तुमच्या वाचनालयाचा पत्ता टाका, तुमचं बुकमार्कलेट घेऊन जा.

यात एक खोच होती. पुठ्ठा बांधणीची आवृत्ती आणि साधी आवृत्ती यांचे आयएसबीएन वेगळे. तुम्ही एकीच्या पानावर आहात आणि वाचनालयात दुसरी आहे, तर उत्तर येणार 'नाही'. ओसीएलसी ही जगभरच्या ग्रंथालयांची मोठी संस्था, तिने यासाठी 'एक्सआयएसबीएन' नावाची सेवा काढली. एक क्रमांक द्या, त्याच पुस्तकाच्या बाकी आवृत्त्यांचे क्रमांक घ्या. ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, या कहाणीत गोष्टी बंद होण्याचं प्रमाण जास्त आहे.

बुकमार्कलेटला आणखी एक मर्यादा होती. ते आपणहून काही करत नाही, तुम्हाला आठवणीने दाबावं लागतं. पुस्तक वाचनालयात असेल असं ज्याला वाटतच नाही, तो दाबेल कशाला? हवं होतं असं काहीतरी, जे न विचारता सांगेल.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली आणि एक्स्टेन्शन हा शब्द सामान्य लोकांच्या कानावर पडायला लागला. त्याच सुमारास ॲरन बूडमन यांनी 'ग्रीझमंकी' काढलं, ज्याने कुठल्याही वेबसाइटवर आपली छोटी स्क्रिप्ट आपोआप चालवता येते. युडेल यांनी लगेच लायब्ररीलुकअपची ग्रीझमंकी आवृत्ती केली. आता पुस्तकाच्या पानावरच दिसायला लागलं की हे वाचनालयात आहे. बूडमन हे नाव पुन्हा येणार आहे.

मग लिबएक्स. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम हेच. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ॲनेट बेली या ग्रंथपाल आणि गॉडमार बाक हे कम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक, या दोघांनी २००५ च्या सुमारास ते सुरू केलं. ग्रंथपाल आणि प्रोग्रॅमर एका टेबलावर बसले की काय होतं ते यात दिसतं. टूलबारमध्ये वाचनालयाचा शोध होता. एखादा शब्द निवडून राइट क्लिक केलं की तोच शोध तिथंही. पानावर कुठंही आयएसबीएन सापडला की त्याची आपोआप लिंक व्हायची. ॲमेझॉनवर पुस्तकाच्या नावाशेजारी विद्यापीठाचं छोटंसं चिन्ह यायचं, ते दाबलं की थेट यादीत. आणि घरून एखादा पैसे भरून वाचायचा शोधनिबंध उघडला, तर 'हे पान विद्यापीठाच्या प्रॉक्सीतून पुन्हा उघड' अशी सोय.

हे शेवटचं जरा समजावून सांगतो, कारण कॉलेजात असलेल्या श्रोत्यांच्या कामाचं आहे. विद्यापीठ जर्नलचे पैसे भरतं, आणि प्रकाशकाची वेबसाइट बघते की विनंती विद्यापीठाच्या नेटवर्कमधून आली का. तुम्ही घरी असाल तर तुम्हाला पैसे मागते, जरी तुमच्या नावाने ते आधीच भरलेले असले तरी. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस, जो तुमचं लॉगिन तपासून तुमची विनंती विद्यापीठाच्या नावाने पुढे पाठवतो. हे विद्यार्थ्याला माहीतच नसतं, म्हणून तो हात हलवत परत जातो. लिबएक्सने ते एका क्लिकवर आणलं. भारतात १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना. म्हणजे एखाद्या सरकारी संस्थेत असाल तर तुमच्यासाठी दार उघडलंय, पण खासगी कॉलेजातल्या पोरांसाठी नाही. त्यांनी निदान 'अनपेवॉल' माहीत करून घ्यावं. २०१७ मध्ये आलेलं हे एक्स्टेन्शन शोधनिबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठं असेल तर ती शोधून देतं. मोफत आहे, चोरी नाही.

परत लिबएक्सकडे. त्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 'एडिशन बिल्डर'. प्रत्येक वाचनालयाची यादी वेगळी, प्रॉक्सी वेगळी, लोगो वेगळा. प्रत्येकासाठी वेगळं एक्स्टेन्शन कोण लिहिणार? म्हणून त्यांनी वेबसाइट केली जिथं ग्रंथपालाने फॉर्म भरायचा आणि आपल्या वाचनालयाचं स्वतःचं लिबएक्स तयार. कोडची एक ओळ न लिहिता. युडेल यांच्या त्या पानाचीच मोठी आवृत्ती म्हणा ना. शेकडो ग्रंथालयांनी आपापल्या एडिशन बनवल्या. इंजिनिअर म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं: बदलणारी माहिती एकीकडे, कोड दुसरीकडे, आणि माहितीची किल्ली ग्रंथपालाच्या हातात.

याच व्हर्जिनिया राज्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकारांनी २००६ मध्ये 'झोटेरो' काढलं. संदर्भ गोळा करायचं, तळटीपा आपोआप लिहायचं साधन. तेही मुळात फायरफॉक्सचं एक्स्टेन्शनच. इतिहासाच्या लोकांनी सॉफ्टवेअर बनवलं आणि ते आजही चालू आहे. बहिणीला मी ते लावून दिलंय, पण तिच्या कॉलेजच्या लॅबमधल्या कम्प्युटरवर. हा 'लॅबमधला कम्प्युटर' पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता पोर्टिंग. पोर्टिंग म्हणजे एका ब्राउझरसाठी लिहिलेलं दुसऱ्यावर चालेल असं करणं. ऐकायला भाषांतरासारखं वाटतं, पण खरं काम बिऱ्हाड हलवण्यासारखं आहे. कपाट तेच, नव्या घराच्या दारातून आत जात नाही.

फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शन 'झूल' नावाच्या भाषेत लिहिलेली असायची. ज्या भाषेत खुद्द फायरफॉक्सची खिडकी, मेनू, बटणं लिहिलेली, त्याच भाषेत. त्यामुळे एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत कुठंही हात घालू शकायचं. ताकद प्रचंड होती आणि धोकाही तेवढाच. पण तेव्हा विद्यापीठांतले बहुतेक कम्प्युटर इंटरनेट एक्सप्लोररवर चालायचे, आणि तिथलं सगळं निराळं. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे घटक, स्वतःचे नियम. लिबएक्सने एक्सप्लोररसाठीही आवृत्ती काढली, आणि ते किती कटकटीचं असेल याची मला कल्पना येते, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुनं ऑफिस सॉफ्टवेअर एक्सप्लोररवर चालवत ठेवायचं काम केलंय. त्यावर जास्त बोलत नाही.

२००८ मध्ये क्रोम आला. एक्स्टेन्शनची सोय स्थिर आवृत्तीत आली २०१० च्या जानेवारीत. ती बांधणाऱ्या टीममध्ये कोण होतं? ॲरन बूडमन, तेच ग्रीझमंकीवाले. क्रोमची पद्धत पूर्ण वेगळी: एक मॅनिफेस्ट फाइल, त्यात लिहायचं की मला कुठल्या साइटवर चालायचंय आणि कुठल्या परवानग्या हव्यात. आत एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. ब्राउझरच्या पोटात हात घालायचा नाही, दिलेल्या खिडकीतूनच बोलायचं. लिबएक्सच्या टीमने मग २.० साठी बरंच काही नव्याने बांधलं, जेणेकरून क्रोमवरही चालेल.

आणि मग मोझिलानेच पान उलटलं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की झूलची एक्स्टेन्शन बंद होणार, पुढे क्रोमच्या धर्तीवरची 'वेबएक्स्टेन्शन'च चालतील. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि त्या दिवशी हजारो जुनी एक्स्टेन्शन एका अपडेटमध्ये मेली. कारणं खोटी नव्हती: वेग, सुरक्षितता, टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची गरज. पण एखाद्या विद्यापीठातल्या अर्धवेळ माणसाने सांभाळलेलं एक्स्टेन्शन पुन्हा पहिल्यापासून कोण लिहिणार? झोटेरोने त्याच वर्षी ५.० आवृत्तीत फायरफॉक्समधलं घर सोडलं आणि वेगळा प्रोग्रॅम अधिक छोटा 'कनेक्टर' अशी मांडणी पक्की केली. त्यांच्याकडे टीम होती, म्हणून जमलं.

भारतीय भाषांसाठीही असंच एक जुन्या पद्धतीचं फायरफॉक्स एक्स्टेन्शन होतं, 'पद्मा'. तेलुगूपासून सुरुवात करून नंतर देवनागरी आणि इतर लिप्यांपर्यंत गेलेलं. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांच्या वेबसाइट युनिकोडमध्ये नव्हत्या, प्रत्येकाचा आपापला फॉन्ट. फॉन्ट नसेल तर पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पद्मा ती खिचडी वाचताना युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. आज वीस-बावीस वर्षांच्या श्रोत्यांना हे खरं वाटणार नाही. पण ही खिचडी संपलेली नाही, ती मला आपल्याच जिल्ह्यात परत भेटली.

तर माझं स्वतःचं एक्स्टेन्शन. एका वाचनालयाची यादी मिळाली, एक्सेलमध्ये. (नाव मुद्दाम सांगत नाही.) ग्रंथपाल काका उत्साही, म्हणाले, "घेऊन जा, तुझ्या पेनड्राइव्हवर टाकतो. काय उपयोग झाला तर मलाही सांग." मी आनंदात पुण्याला आलो, फाइल उघडली, तर अर्धी यादी मराठीत आणि अर्धी त्याच खिचडीत. कुणीतरी काही वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, प्रत्येकाची अक्षरांची जागा वेगळी. माझ्या यादीत दोन वेगळे फॉन्ट निघाले. कुठल्या ओळीपासून टायपिस्ट बदलला ते ओळखत ओळखत बदलायला तीन रविवार गेले.

त्यानंतर कळलं की युडेल यांची मूळ युक्ती इथं चालतच नाही. दाखल रजिस्टरमध्ये आयएसबीएनचा रकानाच नाही, आणि जुन्या मराठी पुस्तकांना तो क्रमांकच नाही. म्हणजे जुळवायचं ते नावावरून. आणि मराठी नाव म्हणजे काय भानगड आहे ते बघा. पु. लं.चं 'वाऱ्यावरची वरात' घ्या. त्यातलं 'ऱ्य' कम्प्युटरवर दोन पद्धतींनी टाइप होतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं चिन्ह. तुम्हाला-मला दोन्ही अगदी सारखी दिसतात. कम्प्युटरला विचारा, तो म्हणतो ही दोन वेगळी पुस्तकं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन वापरूनही हे जुळत नाही. शेवटी मी फक्त तुलनेपुरता ऱ चा र केला आणि ते अदृश्य चिन्ह काढून टाकलं. शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं, दाखवताना मूळ नावच दाखवतो.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर तो आणखी एक खड्डा. महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार. त्याआधीची पुस्तकं 'कांहीं', 'नाहीं', 'कवि' असं लिहितात. यादी करणाऱ्याने कधी मुखपृष्ठावर आहे तसं उतरवलंय, कधी आजच्या पद्धतीने. म्हणून तुलनेत मी अनुस्वार काढले आणि ऱ्हस्व-दीर्घ एक केले. मग 'दिन' आणि 'दीन' एकच होतात, चुकीची पुस्तकंही कधीकधी वर येतात. चालतं. समोर तीन नावं आली तर माणूस योग्य ते निवडतो, एकही नाव आलं नाही तर पाचशेची नोट जाते.

हे करताना मला शंकर गणेश दाते यांची फार आठवण यायची. त्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली, ती १९४३ मध्ये आली. कम्प्युटर नाही, फोटोकॉपी नाही, ग्रंथालयं पालथी घालून, पुस्तकं प्रत्यक्ष बघून नोंदी. माझ्याकडे एक एक्सेल होती आणि मी तीन रविवारांत कुरकुरत होतो.

अजून एक गंमत. ऑनलाइन दुकानांत मराठी पुस्तकांची नावं खूपदा रोमन लिपीत असतात. 'व्ही ए आर वाय ए...' असं. त्यासाठी यादीतल्या प्रत्येक नावाचं रोमन रूप काढून, दोन्हीकडचे स्वर गाळून, नुसत्या व्यंजनांचा सांगाडा जुळवला. व, र, य, व, र, च, व, र, त. हे इतकं चांगलं चालेल असं वाटलं नव्हतं.

एक्स्टेन्शन तयार झालं. क्रोमच्या स्टोअरला नोंदणीचे पाच डॉलर, एकदाच. फायरफॉक्सला काही नाही. फायरफॉक्ससाठी पोर्ट करताना फार बदल लागले नाहीत, पण मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत क्रोमला मागे चालणारं काम 'सर्व्हिस वर्कर'मध्ये हवं असतं आणि फायरफॉक्स अजून साधी बॅकग्राउंड स्क्रिप्ट घेतो, तेवढं दोन्हीकडे वेगळं ठेवलं. याच तिसऱ्या आवृत्तीत बाहेरून कोड आणून चालवायला बंदी आहे. यादी आणा, कोड नाही. म्हणजे एडिशन बिल्डरची कल्पना अजूनही शक्य आहे, फक्त ग्रंथपालाच्या फॉर्ममधून निव्वळ माहिती यायला हवी. सफारीच्या वाटेला मी गेलो नाही. त्याला वर्षाला ९९ डॉलर लागतात, आणि आमच्या वाचनालयाच्या सभासदांत मॅकवाला कोण असेल हे शोधायला मी गेलो नाही.

सगळं झाल्यावर मोठ्या थाटात बहिणीला लिंक पाठवली. तिचा रिप्लाय: "दादा, हे फोनवर कुठं लावायचं?"

मी दोन महिने हे काम केलं आणि तिच्याकडे लॅपटॉप नाही ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असून डोक्यात आली नाही, कारण मी स्वतः दिवसभर दोन स्क्रीनसमोर बसतो. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सने अँड्रॉइडवर डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्टेन्शनचं दार सगळ्यांसाठी उघडलं, पण तिच्या फोनमध्ये आहे तो क्रोम, जो फोनसोबत आला. 'किवी' नावाचा एक ब्राउझर होता जो फोनवर क्रोमची एक्स्टेन्शन चालवायचा. २०२५ च्या जानेवारीत तोही बंद झाला. म्हणजे वीसहून अधिक वर्षांचा हा सगळा प्रवास, लिबएक्स, झूल, मॅनिफेस्ट, ज्या कम्प्युटरवर झाला तो कम्प्युटरच आपल्याकडच्या बहुतेक वाचकांकडे नाही. तो कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, दुपारी चारपर्यंत.

काही दिवस मी ते सोडूनच दिलं होतं. मग एका रात्री युडेल यांची जुनी पद्धत परत वाचताना लक्षात आलं की बुकमार्कलेटला एक्स्टेन्शनची सोय लागतच नाही, बुकमार्क असला की झालं. फोनवर करून बघितलं. चाललं! २००२ ची एका ओळीची युक्ती, फोनच्या क्रोमवर. माझ्या ओळीत फक्त एवढंच आहे की समोरच्या पानाचं शीर्षक उचलायचं आणि मी बनवलेल्या शोध-पानाला द्यायचं. जुळवाजुळव सगळी त्या पानावर.

करायचं असं. कुठलंही पान उघडून तारा दाबा, बुकमार्क होईल. तो एडिट करा, नाव 'ग्रंथ' असं सोपं ठेवा, पत्त्याच्या जागी मी दिलेली ओळ पेस्ट करा. नंतर दुकानाच्या साइटवर पुस्तकाचं पान उघडं असताना वर पत्त्याच्या जागी 'ग्रंथ' टाइप करा आणि खाली येणाऱ्या यादीतून ताऱ्याचं चिन्ह असलेला तो बुकमार्क निवडा. बुकमार्कच्या मेनूत जाऊन दाबू नका, असं नाव टाइप करूनच चालवा.

दुकानाचं ॲप वापरत असाल तर मात्र हे चालणार नाही, कारण ॲपमध्ये बुकमार्क नसतो. त्यासाठी शोध-पानच होम स्क्रीनवर ॲपसारखं इन्स्टॉल होईल असं केलंय. मग ॲपमधलं 'शेअर' दाबलं की व्हॉट्सॲपच्या रांगेत वाचनालयाचंही चिन्ह दिसतं. शेअरमध्ये नुसती छोटी लिंक आली तर काही कळत नाही, सोबत पुस्तकाचं नाव आलं तर बहुतेक वेळा जुळतं.

बहिणीने आत्तापर्यंत चार पुस्तकं अशी शोधली. दोन वाचनालयात होती. एक यादीत होतं पण कपाटात नव्हतं. काकांनी रजिस्टर काढून बघितलं, कुणीतरी नेलंय आणि आणून दिलेलं नाही. चौथं यादीतही नव्हतं, पण तिला काउंटरमागच्या ढिगात सापडलं. अजून दाखलच झालेलं नव्हतं. काकांनी तिच्यासमोर त्याला नंबर दिला आणि मला फोन करून म्हणाले, "तुझ्या त्या कम्प्युटरमध्ये एक वाढव."

सध्या एकाच वाचनालयाची यादी आहे. जिल्ह्यात कुणाच्या गावच्या वाचनालयाची यादी एक्सेलमध्ये असेल, फॉन्ट कुठलाही असो, तर पाठवा. खिचडी असली तरी चालेल, आता सवय झालीय. पुढच्या भागात हिप्परग्याच्या शाळेवर बोलू.